परिचर्येचे शिक्षण वस्तीत रुजावे

प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देह पडला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले. पुढे तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्यांची शुश्रूषा कुलीन घरच्या स्त्रीने करावी काय, या आक्षेपाला त्यांनी आपल्या कामाने उत्तर दिले. महाराष्ट्रातील परिचारिकांचा वारसा हा असा आहे.

आज परिचर्येच्या अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्य हा अनिवार्य विषय आहे. विद्यार्थिनी गावात वा सेवावस्तीत जातात, कुटुंबांची पाहणी करतात, रक्तदाब मोजतात, आहार व स्वच्छतेचे तक्ते दाखवितात. योजना उत्तम आहे. परंतु अनेकदा नोंदवही भरून सही मिळाली की वस्तीशी नाते संपते. पुढील वर्षी नवी तुकडी येते आणि त्याच माउलीला तेच प्रश्न विचारते. गेल्या वर्षी तिचा रक्तदाब वाढलेला आढळला होता. औषध सुरू झाले की नाही, हे कोणासही ठाऊक नसते. ज्या घराने विश्वासाने दार उघडले, ते केवळ सरावाचे साधन ठरते. याला सेवा म्हणता येईल काय?

उपाय खर्चिक नाही. महाविद्यालयाने एकच वस्ती दीर्घकाळासाठी स्वीकारावी. प्रत्येक विद्यार्थिनीकडे ठरावीक कुटुंबे असावीत आणि ती नोंदींसह पुढील तुकडीकडे सोपवावीत. आशा कार्यकर्ती व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याशी सांधा जुळवावा. पाहणीचे निष्कर्ष प्रथम वस्तीच्याच बैठकीत मांडावेत. गुण देताना भरलेल्या पानांपेक्षा रुग्णांचा पाठपुरावा पाहावा.

हा आग्रह केवळ भावनेचा नाही. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, होऊ लागले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून परिचर्येचे पदवीधरही नेमले जातात. एका उपकेंद्रावर साधारण तीन ते पाच हजार लोकसंख्या विसंबून असते. ज्या विद्यार्थिनीने वस्ती केवळ नोंदवहीत पाहिली, ती उद्या हा भार कसा पेलणार?

सेवावस्तीत नित्य जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी महाविद्यालये आणि वस्ती यांमधील दुवा व्हावे. सुशिक्षित कुटुंबांनीही आपल्या मुलामुलींना या क्षेत्रात अभिमानाने पाठवावे. समाजऋण फेडण्याचा याहून थेट मार्ग क्वचितच सापडेल.