‘पहिली’ कोण? लीला राव आणि गाळलेले दोन शब्द

(१) ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री कोण? ‘निरुपमा वैद्यनाथन, ऑस्ट्रेलियन ओपन, १९९८’ हे उत्तर अनेकांना पाठ असते. मित्रहो, ते उत्तर चुकीचे आहे. त्याच्या ६४ वर्षे आधी, १९३४ साली, लीला राव विम्बल्डनमध्ये जिंकल्या होत्या.

(२) मुंबईच्या लीलाबाईंनी ग्लॅडिस साउथवेल यांना ४-६, १०-८, ६-२ असे नमविले. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफ यांच्याकडून त्या पराभूत झाल्या.

(३) यावर ठरलेला बचाव असा, की निरुपमा ‘खुल्या युगातील’ पहिल्या. हे निर्विवाद सत्य आहे. १९६८ पासून हौशी आणि व्यावसायिक खेळाडू एकत्र खेळू लागले; त्या युगातला तो मान निरुपमांचाच. पण ‘खुल्या युगातील’ हे दोन शब्द गाळले, की सत्य विधान असत्य होते.

(४) आता इंग्रजांचा न्याय पाहा. १९३४ च्या त्याच विम्बल्डनमध्ये फ्रेड पेरी विजेते ठरले. तेही तेव्हा हौशीच. २०१३ मध्ये अँडी मरे जिंकले तेव्हा ब्रिटनने १९३६ च्या पेरींपासून मोजून ‘७७ वर्षांनी’ म्हटले. पेरींचे हौशीपण आड आले नाही. मग लीलाबाईंचेच का यावे?

(५) ‘हौशी’ म्हणजे विरंगुळा नव्हे. बक्षिसाची रक्कम घेण्यास मनाई, एवढाच त्याचा अर्थ. अर्थात या नियमाने खेळ सधनांच्या हाती ठेवला. लीलाबाईंचे वडील डॉक्टर, आई ‘सत्याग्रहगीता’ रचणाऱ्या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव. फुलसावंगीच्या शेतकऱ्याच्या लेकीला त्या काळी विम्बल्डनचा खर्च कोण देणार होते? खेळावर पोट भरण्याची मुभा देणारे खुले युग म्हणूनच मोलाचे. परंतु ते भारतीय स्त्रियांच्या टेनिसचा आरंभ नव्हे. लीलाबाईंच्याही आधी, १९२९ मध्ये, जेनी सँडिसन विम्बल्डनला उतरल्या होत्या.

(६) लीलाबाईंना त्यांचे स्थान दिल्याने निरुपमांचे कर्तृत्व तसूभरही उणे होत नाही. व्यावसायिक टेनिसच्या चुरशीत त्यांनी मिळविलेला विजय स्वतःच्या बळावर उभा आहे. म्हणून यापुढे कुठे नुसते ‘पहिली’ वाचाल, तेथे ‘कोणत्या काळातील?’ असे विचारा आणि उत्तरात दोन्ही नावे सालांसह लिहा.