नव्या आरशाचे म्हातारपण

यंदाच्या स्नेहसंमेलनातील हस्तकला प्रदर्शनासाठी नववीच्या मुलामुलींनी ‘अँटिक आरसा’ करण्याची परवानगी मागितली आहे. नवा आरसा आणायचा, पाठीचा रंग काढायचा आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड शिंपडून डाग पाडायचे, अशी कृती. काही पालकांचा पाठिंबा आहे. एक-दोन विश्वस्तांना तर असा आरसा स्वतःच्या दिवाणखान्यातही हवा आहे! आमचे मत असे की आरसा जरूर करावा, अ‍ॅसिड मात्र नको.

आरसा जुना होतो कसा, हे मुलांनी आधी समजून घ्यावे. ‘आरशाचा पारा उडाला’ असे आपण अजून म्हणतो. पूर्वी काचेमागे कथील आणि पारा यांचा थर देत. १८३५ साली जर्मनीत युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदी चढवण्याची रीत काढली. हळूहळू पारा आरशातून गेला, बोलण्यात तेवढा उरला. या चांदीपर्यंत कडेने ओल शिरते, हवेतले गंधकयुक्त वायू पोहोचतात आणि देवघरातल्या निरांजनासारखी तीही काळवंडते. म्हणून खऱ्या जुन्या आरशाचे डाग बहुधा कडेकडून आत येतात. बाजारातल्या नकली मालावर ते मधोमध शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात.

आता अ‍ॅसिड. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. (आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो, आमच्या तोंडी ‘अम्ल’च येते, हात मात्र दोन्ही भाषांत सारखाच भाजतो.) त्याची वाफ डोळ्यांना, छातीला झोंबते. कुणी डागांसाठी ब्लीच वापरतात. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. पाठीचा रंग काढण्याचे रसायनही जहालच. वर्गभर मुले आणि एक शिक्षिका. हातमोजे वाटले म्हणजे जबाबदारी संपली, असे आम्हांस वाटत नाही.

त्याऐवजी कडा घासलेली साधी काच घ्यावी. तिच्या पाठीवर आरशासारखा चमकणारा चंदेरी स्प्रे मोकळ्या हवेत शिक्षिकेने मारावा. तो ओला असतानाच पाणी व व्हिनेगर यांचा बारीक फवारा देऊन मुलांनी फडक्याने हलके टिपावे. टिपलेल्या जागी रंग विरळ होतो. वाळल्यावर मागून काळा रंग दिला की झाले.

हे आरसे विकायचेही घाटते आहे, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर यंदाचे साल घालावे. नाटकात आपण मुलांना पांढरी दाढी लावतोच, त्यात गैर काही नाही. पण दाढी लावून कुणी पेन्शन मागू नये!

एक विनंती. आपल्या इंदुरातले जुने वाडे पडतात आणि सागवानी चौकटीचे आरसे कबाड्याकडे जातात. कुणाकडे असा एखादा उरला असेल, तर प्रदर्शनाचे दोन दिवस शाळेला द्यावा. नव्या आरशांशेजारी तो लावू. पुसूनबिसून, पॉलिश करून आणू नये.