कारखान्यांचंही प्रगतिपुस्तक हवं!

मैत्रिणींनो, मुलाला गणितात ६० गुण मिळाले की आपण लगेच विचारतो, “वर्गात सगळ्यांत जास्त किती?” इतरांना ९० असतील तर त्याला अभ्यासाला बसवायचं, आणि सगळ्यांत जास्तच ६२ असतील तर पाठ थोपटायची. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. शेजारी दुसरा आकडा हवा.

हीच युक्ती कारखान्यांनाही लागू पडते बरं का! इंडोनेशियाच्या सरकारनं १९९५ साली कारखान्यांचं सांडपाणी तपासून प्रत्येकाला एकेक रंग दिला. सर्वोत्तम तो सोनेरी, नियमापेक्षाही चांगला तो हिरवा, नियमापुरता तो निळा, नियमात कमी पडणारा तो लाल आणि काहीच न करणारा तो काळा. रंग पाहिला की कुणालाही कळावं!

पहिल्या खेपेला १८७ कारखाने तपासले. सोनेरी एकही नाही. हिरवे ५, निळे ६१, लाल ११५ आणि काळे ६. म्हणजे निम्म्याहून अधिक नापासच की! पण सरकारनं जूनमध्ये फक्त हिरव्यांची नावं जाहीर करून त्यांचं कौतुक केलं. बाकीच्यांना सांगितलं, डिसेंबरपर्यंत सुधारा, मग तुमचीही नावं जाहीर होतील. डिसेंबर येईतो काळे सहाचे तीनच उरले. चारचौघांत नाव निघण्याची धास्ती काय करते, पाहिलंत ना?

आपल्या महाराष्ट्रातही प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१७ च्या जूनमध्ये कारखान्यांना तारे द्यायला सुरुवात केली. धुराड्यातून बाहेर पडणारी धूळ मोजायची आणि एक ते पाच तारे द्यायचे. फ्रिज घेताना आपण तारे पाहतो, तसेच हे. जितके तारे जास्त, तितकी धूळ कमी.

मात्र एक लक्षात ठेवा. हे तारे धुराड्यातल्या धुळीचे. नाल्यात सोडलेल्या पाण्याचे नव्हेत. चित्रकलेत पहिला आलेला मुलगा गणितात नापास असू शकतो! म्हणून कुणी “आम्ही पर्यावरणाची काळजी घेतो” म्हणालं, तर विचारावं: काय मोजलं? कुणी मोजलं? तसाच माल काढणाऱ्या दुसऱ्या कारखान्याच्या मानानं किती?

गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर काजळी बसते, धाकट्याचा खोकला हटत नाही, तेव्हा नुसतं चडफडून काय होणार? माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. साध्या कागदावर अर्ज लिहा, दहा रुपये फी भरा आणि जवळच्या कारखान्याच्या तपासणीचे आकडे मंडळाकडे मागा. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. आकडे आले की ते महिला मंडळाच्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. कोण पुढे, कोण मागे, हे गावाला आपोआप दिसेल.

आणि हो, ज्याची धूळ कमी झाली असेल, त्याचं कौतुक करायलाही विसरू नका हं!