पॉइंट कमी करा, थांबे वाढवा

लहान मुलांना घेऊन महाबळेश्वरला जाणाऱ्या तमाम मित्रमंडळींशी आज मला भांडायचं आहे. अगदी नावं घेऊन भांडलो असतो, पण त्यातल्या निम्म्यांबरोबर सोमवारी कँटीनमध्ये जेवायचं आहे.

तर मुद्दा असा. पुण्याहून महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. आपले लोक पहाटे पोरांना झोपेतून उचलून गाडीत कोंबतात, हायवेच्या एखाद्या फूडमॉलवर एकदाच थांबतात आणि थेट हॉटेल गाठतात. पोरं वाटेत एक तर झोपलेली किंवा मोबाईलमध्ये डोकं घातलेली. मग दुसऱ्या दिवशी टॅक्सी करायची आणि सुरू: हा पॉइंट, तो पॉइंट, उतरा, फोटो काढा, बसा. सोमवारी ऑफिसात "किती पॉइंट झाले?" "अकरा." जणू काही स्प्रिंटमधले बग बंद केले!

माझं म्हणणं, लहान मुलांसाठी ही सहलच नाही. ही आपली सहल आहे, पोरं नुसती सामानासारखी बरोबर येतात.

पाच वर्षांच्या पोराला कड्यावर उभं करून दरी दाखवून बघा. ते दोन सेकंद समोर बघतं आणि मग पायाशी चाललेल्या मुंगळ्याकडे बघत बसतं. आपण त्याचा दंड धरून "अरे समोर बघ ना, एवढ्या लांब आणलंय तुला" म्हणून ओरडतो. राव, यात पोराचं काय चुकलं? दूरचं बघून हरखून जायला "दूर" म्हणजे किती हे आधी कळावं लागतं. त्याचं जग हाताच्या अंतरावर आहे. मुंगळा त्याच्यासाठी दरीपेक्षा मोठा आहे.

आणि हे पॉइंट मुलांसाठी होते कधी? महाबळेश्वरचं थंड हवेचं ठाणं इंग्रजांनी १८२८-२९ च्या सुमाराला, माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना वसवलं. एल्फिन्स्टन, लॉडविक, विल्सन... नावंच बघा ना पॉइंटांची. उकाड्याला कंटाळलेल्या साहेबाने हवा खात निवांत दरी बघावी म्हणून केलेली ही सोय. त्या रिक्वायरमेंट लिहिल्या तेव्हा आपली चिंगी आणि बंटी खोलीत नव्हते. तरी आपण तीच यादी दोनशे वर्षांनी त्यांच्यावर लादतो.

म्हणून माझा नियम एकच. मुलांबरोबर थांबा निवडताना "तिथे काय दिसतं?" असं विचारू नका, "तिथे पोराला काय करता येतं?" असं विचारा. उत्तरात एखादं क्रियापद आलं पाहिजे. चढणं, मोजणं, शोधणं, पळणं, काहीही. नुसतं "बघणं" आलं तर तो थांबा खोडा.

नुसती टीका करून पळून जायला मी काही टेक्निकल रिव्ह्यूअर नाही, त्यामुळे उदाहरण देतो. याच रस्त्यावरचं, एकही पॉइंट न घेता.

सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईकडे वळा. वाईत ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत असतो. हे देऊळ १७६२ च्या सुमाराला रास्त्यांनी बांधलं. लोक मूर्ती बघून, पेढे घेऊन निघतात. तुम्ही पोरांना देवळाच्या मागच्या बाजूला घेऊन जा. तिथली भिंत नेहमीसारखी सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. का असेल, असं विचारा आणि गप्प बसा. (गप्प बसणं सगळ्यात अवघड, मान्य.) देऊळ नदीकाठी आहे आणि कृष्णेला पूर आला की पाणी या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं अशी ती रचना. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने "म्हणजे होडीचं नाक!" असं उत्तर दिलं, तेव्हा बापाला झालेला आनंद कुठल्याही सनसेटपेक्षा कमी नव्हता.

तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्यामागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. 'स्वदेस' बघितलेल्यांना तो घाट ओळखू येईल. पोरांना शाहरुखशी काही देणंघेणं नसतं, त्यांना पायऱ्या पुरतात. आणि तिथे एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती इथली नाही. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयातून आलेली ही चर्चची घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. पोरांना एवढंच सांगा, "घंटेवर एक बाळ लपलंय आणि एक साल लपलंय, शोधा." पाठ्यपुस्तकातली वसईची लढाई ज्यांना झोप आणते, ती पोरं इथे मान वाकडी करकरून घंटेभोवती फिरतात.

मग पसरणी घाट. इथे मोबाईल काढून घ्या, आणि हे संस्काराबिंस्कारासाठी सांगत नाही. वळणावर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो "आपण हलतोय", आणि पडद्यावर खिळलेले डोळे म्हणतात "नाही बुवा, सगळं स्थिर आहे". या भांडणातून उलटी होते. बाहेर बघणाऱ्या पोराला हा त्रास कमी होतो. वरती पाचगणीच्या टेबललँडवर गाडी लावा आणि पोरांना सोडून द्या. कड्यापासून लांब, मधल्या मोकळ्या भागात. घोडागाडीत बसवायची घाई नको. पायाखालचा लाल, भोकाभोकांचा जांभा दगड हातात घेऊ दे, घाटात दिसलेल्या काळ्या दगडाशी ताडून बघू दे. काळ्या बेसाल्टचीच लाखो वर्षं ऊन-पावसात झीज होऊन वर हा लाल टोप तयार झालाय, एवढं सांगितलं तरी भूगोलाचा तास झाला.

पुढे भिलार. स्ट्रॉबेरीचं गाव होतंच, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गावही झालं. सुरुवातीलाच गावात २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली गेली. कुणाच्या घरात, कुणाच्या पडवीत. बालसाहित्याचंही वेगळं घर आहे. लोकांच्या घरात जाऊन, चप्पल बाहेर काढून, फुकट वाचत बसायचं. अनोळखी माणसाच्या ओटीवर बसून पुस्तक वाचणं हा अनुभव आपल्या सोसायटीतल्या पोराला कुठल्या रिसॉर्टमध्ये मिळणार आहे, सांगा!

आणि शेवटी क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. ज्या कृष्णेचा घाट पोरांनी वाईत बघितला, तिचा हा उगम. त्यातली सावित्री पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पूर्वेला सुमारे १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना! हे पोराला नकाशावर बोटाने शोधायला द्या. पुढचे दोन तास गाडीत शांतता, माझी गॅरंटी. :-)

आता तुमचे आक्षेप.

"सुट्टीच दोन दिवसांची असते, एवढं थांबलो तर पोचणार कधी?" म्हणूनच तर यादी कापा म्हणतोय. वर सांगितलेले सगळे थांबे एका दिवसात घेऊ नका, नाहीतर तीही अकरा पॉइंटांचीच यादी होईल. तीन पुरेत. मुक्काम वाईला किंवा पाचगणीला केला आणि महाबळेश्वर राहिलं, तरी कुणी नापास करत नाही.

"मुलांना थोडंच कळतंय? मोठी झाली की विसरतील." मग सहा हजार रुपये रात्रीची खोली कुणाच्या लक्षात राहावी म्हणून घेतलीत? तपशील विसरतील, कबूल. पण "बाबा थांबतात, विचारतात, माझं उत्तर ऐकून घेतात" हे पोरं विसरत नाहीत.

"फूडमॉलमध्ये निदान टॉयलेट तरी असतं." हा एकच आक्षेप मला मान्य आहे. सहा महिन्यांपूर्वी हायवेवरच्या एका झकपक फूडमॉलमध्ये मुलीला घेऊन गेलो, तर बायकांच्या पाचांपैकी तीन संडासांना कुलूप आणि उरलेल्यांत पाणी नाही. बाहेर मात्र दोनशे रुपयांत उड्या मारायची जाळी अगदी टकाटक चालू! म्हणजे तिथेही भरवसा नाहीच. देवळं, घाट, पुस्तकांची गावं यांची जाहिरात करणाऱ्यांनी पोरींना जाता येईल असा एक स्वच्छ संडास आधी बांधावा, स्वागतकमानी नंतर. तोवर निघताना आणि चहाला थांबू तिथे, दोन्हीकडे "जाऊन ये" हा जुना आईछाप उपाय चालू ठेवा.

आणि हे सगळं फक्त मौजेचं नाही, म्हणून इतका चिडून लिहितोय. पट्टा लावलेलं पोर दीड तास नीट बसतं, चार तास बसत नाही. थांबा नसला की ते वळवळतं, रडतं, मग "जाऊ दे, घे मांडीवर". पोर पुढच्या सीटवर आईच्या मांडीत, आणि गाडी शंभरला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. पण दंड जाऊ द्या. शंभरच्या वेगात ब्रेक लागला तर कुठल्याही आईचे हात पोराला धरून ठेवू शकत नाहीत. थांबे म्हणजे लाड नव्हेत, पट्टा टिकवायचा तोच उपाय आहे.

दुसरं, "दिसतं काय" यावर थांबा ठरवला की पावसाळ्यात पावलं आपोआप धबधब्याकडे वळतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. पाणी काही क्षणांत वाढलं. पावसाळ्यात मुलांना घेऊन वाहत्या पाण्यात उतरायचं नाही, मग व्ह्यू कितीही भारी असो. वाईच्या घाटावरसुद्धा धोम धरणातून पाणी सोडलेलं असेल तर वरच्या पायरीवरूनच नदीला नमस्कार करायचा.

तेव्हा लोकहो, पुढच्या वेळी हॉटेल बुक करायच्या आधी कागदावर तीन थांबे लिहा. प्रत्येकापुढे एक क्रियापद, सावली आहे का, संडास आहे का. मग बघा मुक्कामाला कुठवर पोचता येतंय. जिथवर पोचाल तिथली खोली घ्या. आणि कुणी विचारलंच किती पॉइंट झाले, तर बिनधास्त "शून्य" म्हणून सांगा.