मोठ्या गटाला मार्चअखेर कशाला?

मागील अंकातील पत्रलेखिकेचा आग्रह आहे की, घरी शिकणाऱ्या मुलानेही बालवाडीच्या मोठ्या गटाची पुस्तके मार्चअखेर संपवून जूनमध्ये पहिलीला लागावे. मला हे मुळीच पटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये वय ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा आहे. बालवाडीसोबत पहिली-दुसरीही त्यातच येतात, मग मध्येच मार्चची सीमा कशाला? घरीच शिकणारी माझी मुलगी गोष्टी भराभर वाचते, पण दहापुढे मोजताना अडखळते. म्हणून तिचे वाचन पहिलीचे, गणित मात्र अजून चिंचोके आणि काड्यांच्या जुड्यांवर. लेखनाची तर घाई नकोच. आधी माती, कात्री, रांगोळीने बोटांत बळ येऊ द्यावे. वर्गभर मुलांसाठी शाळेला एकच वेळापत्रक लागते, घराला नाही. पालकांनो, मूल जिथे अडते तिथे हवे तितके दिवस थांबा.

— एक पालक, पुणे