सही आपली, हिशेबही आपलाच

एका साडीसाठी बाई चार दुकानं पालथी घालते, हा विनोद पुरुषमंडळी मोठ्या चवीने सांगतात. आपणही हसून सोडून देतो. पण मैत्रिणींनो, वर्षाची तूरडाळ भरताना आपण काय करतो ते आठवून बघा. घरात माणसं किती, सणवार किती, गेल्या वर्षी किती उरली, याचा आधी अंदाज बांधतो. मग दोन-तीन ठिकाणी भाव विचारतो, मूठभर डाळ हातावर घेऊन पारखतो, डोळ्यांदेखत तोलून घेतो आणि मगच पैसे मोकळे करतो. सरकारी भाषेत यालाच नियोजन, दरपत्रक, गुणवत्ता तपासणी, मोजमाप आणि देयक म्हणतात. हे सगळं आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि तरीही ग्रामपंचायतीच्या कामाचा विषय निघाला की आपण पदर सावरून मागे सरकतो.

वडनेर माझं माहेर. वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं गाव. त्या भागात कुठेही गेलं आणि बायकांत हा विषय काढला, की ठरलेलं उत्तर येतं, "थे मानसाइचं काम हाय बाई, आमाले काय समजते त्यातलं?" मला या उत्तराचा राग येत नाही, वाईट वाटतं. कारण दाराशी तुंबलेली नाली तीच बाई काढते, नळाला पाणी नसलं की तीच हंडा घेऊन निघते. गावच्या कामाचा भोग तिच्या वाट्याला आणि काम ठरवणं मात्र दुसऱ्याच्या हाती!

हे काम ठरतं कसं, ते एकदा सोपं करून सांगते. आधी गावाचा वार्षिक आराखडा होतो. आपल्या राज्यात 2015 नंतर 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने तो करायला सुरुवात झाली. आराखड्यात बसलेल्या कामाचं अभियंता अंदाजपत्रक करतो, त्याला मंजुरी मिळते. काम मोठं असेल तर निविदा निघते, लहान असेल तर दरपत्रकं मागवतात. मग ठेकेदाराला कामाचा आदेश जातो, काम होतं, त्याची मापं मोजमाप पुस्तिकेत चढतात आणि शेवटी बिल निघतं.

यात गडबड कुठे होते? तीन वेगळ्या दुकानांची तीन दरपत्रकं हवीत, तिथे कागद तीन असतात पण अक्षर एकाच माणसाचं. ठरावीक रकमेच्या वरच्या कामाला निविदा लागते म्हणून एका सलग रस्त्याचे कागदावर तीन तुकडे पडतात आणि तिन्ही तुकडे एकाच्याच पदरात जातात. मापं घ्यायच्या आधीच वरून गिट्टी पसरली जाते, मग खालची जाडी कोण बघणार? यातलं काहीही समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. दुधात पाणी किती हे जिला कळतं, तिला हेही कळतं.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, सरपंचपदंही. पंचायतीच्या पैशाला सरपंच आणि ग्रामसेवक (2024 पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) अशा दोघांची सही लागते. आता ही सही बऱ्याचदा संगणकावर, डिजिटल चावीने होते. माझ्या ओळखीतल्या एका सरपंचबाईंना मी सहज विचारलं, "ताई, ती चावी कुठे असते?" त्या म्हणाल्या, "यांच्या खिशात." गाव सांगत नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत. नवरा कारभार बघतो, सरपंच म्हणून मिरवतो. पण उद्या चौकशी लागली तर नोटीस कुणाच्या नावाने येणार? जिची सही तिच्या! कायद्यात गैरवर्तनासाठी सरपंचाला पदावरून काढता येतं, सरपंचाच्या नवऱ्याला काढण्याची सोय नाही, कारण कायद्याच्या लेखी तो तिथे नसतोच. हा 'सरपंचपती' इतका माजला, की 2023 मध्ये केंद्र सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. समिती काय करायचं ते करो, चावी आपल्या डब्यात ठेवायला कुणाच्या अहवालाची गरज नाही.

आपल्या वर्ध्याला तर हिशेबाची मोठी परंपरा आहे. मगनवाडीत बसून ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा मूळचे हिशेब तपासनीस. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. तेव्हा खुद्द गांधीजींच्या सोबतच्या माणसांचा खर्चही त्यांनी निधीतून द्यायला नकार दिला, असं सांगतात. लोकांचा पैसा म्हणजे लोकांचा, तिथे महात्म्यालाही सूट नाही. या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि ती पाळली जावी म्हणून किती बायका रस्त्यावर उतरल्या! दारूच्या बाटलीसाठी जी हिंमत दाखवली, ती सिमेंटच्या पोत्यासाठी का नाही?

राजस्थानातल्या बायकांनी ती दाखवली. मजूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. गावच्या कामांचे कागद सगळ्यांसमोर वाचले. हजेरीपटावर कोणाची नावं आहेत, बिलं कशाची आहेत आणि प्रत्यक्षात काय झालं, ते लोकांनीच सांगितलं. त्या चळवळीतून 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा देशभर गेली आणि 2005 साली माहितीचा अधिकार कायदा झाला. या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रक, दरपत्रकं, मोजमाप पुस्तिका आणि बिलं मागता येतात. साधारण तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचाही त्यात हक्क आहे. डाळ हातावर घेऊन बघण्याचा हक्कच म्हणा ना!

पण माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. आपण बहुधा ओरड करतो ती रस्ता उखडल्यावर. तेव्हा पैसे गेलेले असतात, गावात वैर तेवढं उरतं. बोलायची खरी वेळ आराखडा ठरताना. 2018 पासून साधारण 2 ऑक्टोबरनंतर पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी देशभर मोहीम होते. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. ती होते का? की अंगणवाडीत हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांच्या सह्या घेऊन कागदावर उरकली जाते? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या वर्षांसाठी पंचायतींच्या अनुदानातला साठ टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच राखून ठेवला होता. पाणी आणि नाली! दोन्ही विषय आपल्या हातातले. तो पैसा आपल्या गावात कुठे गेला, हे 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बघता येतं. घरातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, मोबाइलवर दाखवेल.

कुणी म्हणेल, बोलायला गेलं की नाव खराब होतं, नवऱ्याच्या भावकीत बोलाचाली होतात. खरं आहे. म्हणून एकटीने जाऊ नका. गावात बचत गट आहेत. तिथे आपण दर महिन्याला पैसे मोजतो, वहीत लिहितो, ठराव करतो, कर्ज कुणाला आणि का, हे सर्वांसमोर ठरवतो. एक रुपया कमी भरला तर सगळ्या मिळून विचारतो आणि कुणी त्याला भांडण म्हणत नाही. पंचायतीचा हिशेब हा त्याच वहीचा मोठा भाऊ. दहाजणी मिळून विचारायचं, आवाज न चढवता विचारायचं आणि उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहायला लावायचं. लिहिलेल्या उत्तराला मोल असतं, तोंडी आश्वासन वाऱ्यावर जातं.

पुढच्या महिला सभेला चार प्रश्न घेऊन जा. यंदाच्या आराखड्यात कोणती कामं आहेत आणि ती कोणी सुचवली? मागच्या कामाला दरपत्रकं किती आली आणि कोणाची? मापं कोणी घेतली, तेव्हा गावातलं कोण हजर होतं? आणि काम वर्षभरात खराब झालं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचं कलम करारात आहे का? आणि सरपंचबाईंसाठी वेगळा पाचवा प्रश्न, तो त्यांनी स्वतःलाच विचारायचा. मी आज ज्यावर सही केली, तो कागद मी वाचला का?