पहिला दांडा



माझ्या गॅलरीतल्या व्हीनस फ्लायट्रॅपला या आठवड्यात फुलाचा दांडा फुटला. किडे पकडणारे हे झाड मूळचे अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या पाणथळ जमिनीतले. आपल्या भंवरकुआंच्या उन्हात ते आरओचे पाणी घालून, दुपारी आडोशाला ठेवून जगवावे लागते. प्रश्न एवढाच: दांडा कापावा की फुलू द्यावा?

आपल्याला वाटते, झाड किडे खाते म्हणजे त्याला कशाची कमतरता? पण त्याचे अन्न इतर झाडांसारखे सूर्यप्रकाशातूनच तयार होते. निकस मातीत न मिळणारा नायट्रोजन तेवढा किड्यांतून मिळतो. फुलाचा उंच दांडा आणि बी तयार करताना साठवलेली शक्ती खर्च होते आणि नवे सापळे कमी येतात. म्हणून कोवळ्या किंवा अशक्त रोपाचा दांडा लहान असतानाच कापावा, असे जाणकार सांगतात. रोप जोमदार असेल, तर फुलू द्यायला हरकत नाही.

गेल्या वर्षी मी कापला नाही. पांढरी फुले आली, येईल त्याला मी कौतुकाने दाखवली. जूनपर्यंत झाड वाळले. दोष उन्हाचा किती आणि फुलांचा किती, कोण जाणे. पण रोप अशक्त दिसत असूनही मी दांडा ठेवला तो माझ्या हौसेसाठी, हे मला ठाऊक आहे.

हे लिहिताना मला आमच्या धर्मशिक्षण वर्गातली एक मुलगी आठवते. दृढीकरण झाले आणि लगेच आम्ही तिला गायनवृंदात घेतले, लहान मुलांचा वर्ग दिला, नाताळची नाटिकाही तिच्याकडेच. ती कोचिंगला जात होती, रात्री जागत होती. आम्ही म्हणायचो, "किती गुणी पोर!" मग ती यायची थांबली. तिची प्रार्थना कशी चालली आहे, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. मीही नाही.

लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात लावलेल्या फळझाडांविषयी एक नियम आहे. पहिली तीन वर्षे फळ खायचे नाही, चौथ्या वर्षीचे देवाला अर्पण करायचे आणि पाचव्या वर्षापासून आपण खायचे. देवालाही पहिल्या वर्षाच्या फळाची घाई नाही! मग आपल्याला का असावी? नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदारही एप्रिलची छाटणी फळासाठी करत नाहीत. ती काडी तयार होण्यासाठी असते. फळाची छाटणी ऑक्टोबरात.

कोणी म्हणेल, देवाने दिलेले फूल खुडणारे आपण कोण? प्रश्न खरा आहे. कासच्या पठारावरच्या दवबिंदूलाही किडे लागतात, पण त्याचे आयुष्य एका पावसाळ्याचे. बी टाकले नाही तर पुढच्या वर्षी तो उगवणार कुठून? त्याचे फूल कापणे म्हणजे त्याचे जीवितकार्यच कापणे. म्हणून सरसकट नियम नाही. रोप ओळखावे लागते. "तू अजून लहान आहेस" म्हणून तयार मुलाला वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसवणे, हीही चूकच.

माझे मत असे: धर्मग्रामात कोणालाही जबाबदारी देण्याआधी त्याच्या मुळांची चौकशी करावी. झोप, अभ्यास, घर, प्रार्थना. आणि फूल कोणाला हवे आहे, त्याला की आपल्याला, हे स्वतःला विचारावे.

हे रोप नवे आहे. आज संध्याकाळी मी दांडा कापणार आहे. त्यानंतर त्या मुलीच्या घरी जायचे आहे, काही काम सांगायला नव्हे.

प्रभू आपल्याला धीर धरायला शिकवो. आमेन.